सर्व्हर विचार करतोय

"याच्यात रोलर किती?" चीफ इंजिनिअर खराडे साहेबांनी विचारलं.

पुण्याहून मशीन विकायला आलेला पारसनीस माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "साहेबांना कोअर म्हणायचंय."

"तेच ते," खराडे साहेब म्हणाले. "आत काम करणारं किती आहे ते सांगा."

आमच्या साखर कारखान्याच्या खरेदी समितीची बैठक चालली होती. टेबलावर दोन सर्व्हर मांडले होते. एक लांबरुंद, चपटा, उचलायला दोन माणसं लागतील असा. दुसरा साधा उभा डबा, कुठल्याही हापिसात टेबलाखाली दिसतो तसा. मोठ्यात बत्तीस कोअर होते, छोट्यात चार. समितीत चेअरमन आण्णा होते, खराडे साहेब होते, आमच्या संगणक विभागाचे प्रमुख बाबर साहेब होते आणि दोन संचालक होते, ते चहा आला की जागे व्हायचे. मी कागद पुढे सरकवायला आणि विचारलं तर बोलायला बसले होते. माझं पद हंगामी संगणक चालक. ऊस संपला की मला घरी पाठवायचे आणि पुढचा हंगाम जवळ आला की परत बोलवायचे.

आधीच्या वर्षी कारखान्याचं विस्तारीकरण झालं होतं. मिलला जादा रोलर बसवले आणि गाळप दुप्पट झालं. तेव्हापासून खराडे साहेबांना जगातली प्रत्येक अडचण रोलर कमी पडल्यामुळेच येते असं वाटायचं.

नव्या सर्व्हरवर दोन कामं चालणार होती. पहिलं, नवी वेबसाइट. आपला किती ऊस कारखान्यात गेला ते सभासदानं घरबसल्या बघायचं. दुसरं काम काट्याचं. उसाची गाडी वजनकाट्यावर आली की वजन घ्यायचं आणि पावती छापायची, हा प्रोग्रॅम बाबर साहेबांनी कारखान्यात पहिला संगणक आला तेव्हा स्वतः लिहिलेला होता. ज्या डेटाबेसमध्ये तो लिहिला, त्या डेटाबेसची कंपनीसुद्धा तोवर उरली नव्हती. प्रोग्रॅम मात्र एक दिवसही बंद पडलेला नव्हता.

"बोल गं," बाबर साहेब मला म्हणाले. "तू चालवून बघितलंयस ना दोन्हीवर?"

मी बघितलं होतं. "वेबसाइट मोठ्यावर चांगली पळते," मी म्हटलं. "एकदम शेकडो माणसांनी उघडली तरी सगळे कोअर वाटून घेतात. पण मोठ्यातला एकेक कोअर सुटा घेतला तर संथ आहे, काट्यावरच्या आपल्या जुन्या मशीनहूनही. छोट्यात चारच आहेत, पण चपळ आहेत. आपला काट्याचा प्रोग्रॅम जुना. तो एका वेळी एकाच कोअरवर चालतो. बाकीचे नुसते बसून राहतात."

"बसून का राहतील?" खराडे साहेब म्हणाले. "काम द्या त्यांना."

"प्रोग्रॅमला ते देता येत नाही, साहेब. तो लिहिला तेव्हा मशीनमध्ये एकच असायचा."

"एक काम करतोय आणि एकतीस बसून आहेत," एक संचालक चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "मग आपल्याकडं काय वेगळं आहे?"

कुणी हसलं नाही, कारण दुसऱ्या संचालकांचा भाचा नुकताच शेती विभागात चिकटला होता.

"म्हणून मला वाटतं," मी म्हटलं, "वेबसाइटला मोठा घ्यावा आणि काट्याला हा छोटा."

आण्णांनी छोट्या डब्याकडे बघितलं. आण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त उद्घाटनं फार असायची. "असला एक टाइम ऑफिसात आहे की," ते म्हणाले. "मोळी टाकायच्या दिवशी पाहुणे येणार, फोटो होणार. ह्याला हार घातला तर हा दिसणार तरी का?" मग ते बाबर साहेबांकडे वळले. "बाबर, प्रोग्रॅम तुमचा. तुम्ही सांगा."

"मोठाच घेऊ," बाबर साहेब म्हणाले. "दोन्ही कामं त्याच्यावर."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. रागच आला होता मला. आकडे मी दाखवलेले, ते त्यांना माझ्याहून चांगले कळलेले, आणि तरी माणूस असं करतो म्हणजे काय.

"या हंगामानंतर मी रिटायर होणार, हेमलता," ते म्हणाले. "माझा प्रोग्रॅम आजवर मळीच्या वासात, टेबलाखाली, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या मशीनवर चाललाय. जाताना एकदा त्याला चांगल्या घरात बसलेला बघू दे."

"पण तिथं तो दमतोय, साहेब."

"होईल सवय."

मी आत जाऊन टेबलावरचे कागद गोळा केले. मी हंगामी होते.

मोळीच्या दिवशी आण्णांनी आणि पाहुण्यांनी उसाची पहिली मोळी मिलच्या गव्हाणीत टाकली आणि मग सगळी मिरवणूक सर्व्हरच्या खोलीत आली. सर्व्हरला हार घातला. हवा आत घ्यायच्या जाळीवर हळदीकुंकवाची बोटं उठली. नारळ मी महत्प्रयासाने उंबऱ्याबाहेर फोडायला लावला. फोटो उत्तम आले. आण्णा, पाहुणे आणि सर्व्हर तिघेही त्यात सारख्याच समाधानाने समोर बघतायत.

आणि हंगाम सुरू झाला.

आमच्या भागातला शेतकरी कारखान्याचं बरंच सोसतो. दर कमी दिला तर भांडतो, तोड उशिरा आली तर शिव्या देतो आणि पुढच्या वर्षी ऊस परत तिथंच घालतो. पण काटा मारला, म्हणजे वजनात चोरी केली, असा संशय एकदा आला की संपलं. मग तो माणूस तुमच्या लग्नाकार्यालाही येत नाही.

पूर्वी गाडी काट्यावर चढायची आणि ड्रायव्हरनं हात पुढे करेपर्यंत पावती आलेली असायची. आता तो तंबाखू मळायचा, चुना लावायचा, तोंडात टाकायचा, हात झटकायचा, तरी पावतीचा पत्ता नसायचा. काट्यावरच्या क्लार्कला, गजेंद्रला, लोक खिडकीतून विचारायला लागले. गजेंद्र बिचारा सरळ माणूस. तो म्हणायचा, "सर्व्हर विचार करतोय."

"कसला विचार करतोय?" एकानं विचारलं.

"किती मारायचं त्याचा," मागच्या गाडीवरून उत्तर आलं.

ते उत्तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या कार्यक्षेत्रातल्या सगळ्या गावांत पोचलं. वेबसाइटला एवढा वेग कधी जमला नाही.

मी वर कळवलं. खराडे साहेबांनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं आणि अजून थोडे रोलर वाढवता येतील का, असं विचारलं. बाबर साहेब दिवसभर प्रोग्रॅमपाशी बसून इथून तिथून काही वेळ वाचतोय का ते बघायचे. मोठ्या घरात बसवलेला त्यांचा प्रोग्रॅम लोकांच्या नजरेत चोर झाला होता. जेवणाचा डबा ते तसाच घरी न्यायचे. पुढे काटा छोट्या डब्यावर गेला आणि मोठा सर्व्हर नुसत्या वेबसाइटपुरता राहिला. मीही राहिले, कायम होऊन. पण ते सगळं त्या दुपारनंतरचं.

त्या दुपारी एक ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि चालकानं इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली. मागं गाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली होती. गजेंद्रचा फोन आला, "मॅडम, साहेबांना घेऊन या. त्यांचे बंधू आहेत."

बळवंतदादा बाबर म्हणजे साहेबांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर शाळा सोडून औताला लागलेले. धाकट्याला त्यांनी शिकवलं, सांगलीला ठेवलं, नोकरी लागेपर्यंत पैसे पुरवले. दोघं अजून एकाच घरात राहायचे. शेत दादा बघायचे, नोकरी साहेब करायचे आणि एकमेकांच्या कामातलं कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दादा ट्रॅक्टरच्या सीटवर मांडी घालून बसले होते. भोवती शंभरेक माणूस जमलेलं. आण्णांची गाडीही मागून आली.

"दादा, खाली उतर," बाबर साहेब म्हणाले.

"उतरतो. हे पावती द्यायला येवडा येळ का लावतंय ते सांग."

"मशीन संथ आहे."

"नवं हाय न्हवं?"

"नवं आहे."

"म्हंजी जुनं पळत हुतं आन नवं रांगतंय."

हे अगदी खरं होतं. त्यामुळेच ते कुणाला पटलं नाही. गर्दीत खसखस पिकली. आण्णा पुढे झाले आणि म्हणाले, "बळवंतराव, पाहिजे तर गाडी बाहेरच्या खासगी काट्यावर नेऊन ताडून बघा. खर्च कारखान्याचा."

"बगून आलोय, आण्णा. बरूबर हाय."

"मग झालं तर."

"आजचं बरूबर हाय. रोजचं कुणी बगितलंय? खरं सांगायचं आसंल तर येवडा येळ लागत न्हाई." दादांनी धाकट्या भावाकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "नेताजी, लोक काय बोलत्यात ते माज्या कानावर रोज येतंय. माज्याच पारावर येतंय. ह्यो काटा तू लिव्हलायस. माजं वजन कदी मारलंयस का? व्हय म्हण न्हाईतर न्हाय म्हण. तू म्हणशील ते खरं धरून मी गाडी काडतो."

आता साहेबांनी नाही म्हणायचं, दादांनी ट्रॅक्टर चालू करायचा आणि सगळ्यांनी घरी जायचं, एवढंच राहिलं होतं.

बाबर साहेब बोलेचनात. ते ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत उभे होते आणि त्यांचे ओठ थोडे हलत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो बी विचार कराय लागला." लोक हसले. आण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण त्यात आता जीव उरला नव्हता.

"नाही," मीच म्हटलं. मोठ्यानं. "कधीही नाही."

गर्दी जरा सैल झाली. आण्णांनी श्वास सोडला. "ऐकलंत? मॅडमनी सांगितलं. चला आता."

"हिला न्हाई इचारलं," दादा म्हणाले.

"आणि मी अजून काही बोललेलो नाही," बाबर साहेब म्हणाले. "दादा, प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी मला शंका आहे. बघून सांगतो."

असं बोलून ते ऑफिसकडे चालायला लागले. मागे जो गलका उठला तो मी पाठीवर घेऊनच त्यांच्यामागं धावले.

ते खुर्चीत बसून जुना प्रोग्रॅम उघडत होते. तो उघडायलाही सर्व्हर वेळ लावत होता.

"साहेब, नुसतं नाही म्हणायचं होतं."

"तू बघितलं होतंस?"

"नाही."

"मग तू कशी म्हणालीस?"

"तुम्ही असलं काही करणार नाही म्हणून."

"मुद्दाम नाही करणार. चुकून केलं असलं तर?" त्यांनी चष्मा पुसला. "दादा मला नोकरी लागल्यापासून कधी विचारायला आला नाही, की बाबा, तू तिथं काय करतोस. आज पहिल्यांदा माझ्या कामाचं काही विचारलंय त्यानं. त्याला अंदाजानं सांगू?"

त्यांनी प्रोग्रॅम वरून खालपर्यंत वाचत आणला. मोळ्या उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं, बांधलेल्या असतात. त्या वाढ्यांचं वजन साखरेच्या कामाचं नाही, म्हणून प्रत्येक खेपेतून थोडी घट कापतात. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. कागदावर त्यांनी दोनतीन खेपांचं गणित करून बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"चुकलंय," ते म्हणाले.

"कुणाच्या बाजूनं?"

"घटीत पुरा किलो होत नाही तो भाग मी सोडून देतोय. कापायचा राहतोय तो. शेतकऱ्याला जास्त जातंय."

मला इतकं बरं वाटलं की मी खाली बसले. "अहो साहेब, मग छानच आहे की."

"छान काय त्यात? चूक आहे. पहिल्या दिवसापासून."

"आण्णांसमोर नका सांगू," मी म्हटलं. "कारखान्याचं नुकसान झालं म्हणून तुमचे रिटायरमेंटचे कागद अडवतील. रात्री घरी दादांना सांगा."

"त्यानं काट्यावर विचारलंय," ते म्हणाले आणि उठले.

ते परत आले तेव्हा गर्दी दुप्पट झाली होती. दादा तसेच मांडी घालून बसले होते. साहेब ट्रॅक्टरसमोर उभे राहिले आणि ऑफिसात मला सांगितलं होतं तेच त्यांनी शब्दही न बदलता सगळ्यांना सांगितलं. घट, किलोच्या आतला भाग, पहिल्या दिवसापासून. "मारलेलं नाही, दादा. जास्त दिलंय. माझी चूक आहे."

कुणाला काय करावं सुचेना. काटा मारलाय म्हटल्यावर काय करायचं ते प्रत्येकाला पाठ होतं. जास्त दिलंय म्हटल्यावर काय करतात याचा अनुभव कुणालाच नव्हता. दोघातिघांनी टोप्या सारख्या केल्या. आण्णा खाकरले. "तो विषय आपण संचालक मंडळात घेऊ," ते म्हणाले आणि कुठल्यातरी मंडळात आत्ताच जायचं असल्यासारखं घड्याळाकडे बघू लागले.

"खेपंला किती?" दादांनी विचारलं.

"किलोच्या आत. सरासरी अर्धा धर."

दादा खाली उतरले. ट्रॉलीला बांधलेला दोर त्यांनी सोडला, वरची एक मोळी ओढली आणि काट्याच्या बाहेर मातीत टाकली.

"दादा, काय करतोयस?"

"माज्या आजवरच्या समद्या खेपा. ह्या मोळीत बसत्यात का?"

तिथं जमलेल्या कुणीही बसतात म्हटलं असतं. मी तर आधी म्हटलं असतं. बाबर साहेबांनी मनात हिशोब केला.

"नाही," ते म्हणाले.

दादांनी दुसरी मोळी टाकली. "आता?"

"नाही."

तिसरी पडली, चौथी पडली. दादांचं वय झालं होतं, ते धापा टाकायला लागले. प्रत्येक मोळीला ते भावाकडे बघायचे आणि भाऊ मान हलवून नाही म्हणायचा. मग मघाशी मागून हसलेल्यांतला एकजण न बोलता ट्रॉलीवर चढला आणि मोळ्या खाली सरकवायला लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मी ते पुसलं नाही. बाबर साहेबांच्या डोळ्यांतूनही येत होतं, पण मोजणं त्यांनी चुकवलं नाही. मातीत चांगला ढीग झाल्यावर ते म्हणाले, "बास. थोडं जास्तच झालं."

"ऱ्हाऊ दे. तू येवडी वरसं दिलंसच की." दादांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "येवडं सोडून बाकीचं वजन कर. हे मग गव्हाणीत टाकतो."

"बळवंतराव, याची काही गरज नाही," आण्णा म्हणाले.

"तुमाला न्हाई देत, आण्णा. त्येची चूक मिटवतोय."

रांगेत पुढच्या गाडीवर बसलेल्या माणसानं हे सगळं बघितलं होतं. त्यानं जरा इकडंतिकडं पाहिलं, आपल्या ट्रॉलीतून दोन ऊस उपसले आणि त्या ढिगावर टाकले. निवडून बारके होते, पण टाकले.

सगळे काट्यावरून खाली उतरले. गजेंद्रनं खिडकीतून विचारलं, "घेऊ का वजन?" बाबर साहेबांनी मान डोलावली आणि ते भावाशेजारी जाऊन उभे राहिले. गजेंद्रनं बटण दाबलं.

पावती येईना. मागं हमरस्त्यापर्यंत गाड्या उभ्या होत्या, तिकडून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. गजेंद्र कसनुसा झाला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून काहीतरी सांगायला गेला.

दादांनी हातानंच त्याला थांबवलं.

"घिऊ दे त्येला येळ," ते म्हणाले.